नखावरची सुरी

बेलापूरच्या खाडीकाठी उरलेल्या चार-पाच बेने इस्रायली ज्यू घरांत हसाजीबाबांइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता. प्रार्थना सांगणारे हज्जान तेच आणि शास्त्राप्रमाणे बोकड कापणारेही तेच. कापण्याआधी सुरी नखावरून आणि बोटाच्या पेरावरून फिरवायची, कापून झालं की पुन्हा फिरवायची. पात्याला केसाएवढी खाच लागली तरी मटण बाद. नियम एवढाच, पण बाबा सुरी तपासत बसले की पातेली घेऊन थांबलेल्या बायकांच्या पोटात कावळे ओरडू लागत. सून बघायला गेले तेव्हाही बाबांनी एवढं निरखलं नव्हतं, असं त्या म्हणत.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते केव्हाच जमेनासे झाले होते. एकेक कुटुंब आगबोटीनं इस्रायलला गेलं. बाबांचा मुलगा बायकापोरांना घेऊन निघाला तेव्हा त्यानं हात धरून आईबापांना "चला" म्हटलं होतं.

"मी आलो तर मागे राहिलेल्यांचं कापणार कोण?" बाबा म्हणाले होते. "म्हातारपण देवानं रिकामं दिलेलं नाही. सोबत काम दिलंय."

हे त्यांना अगदी मनापासून वाटायचं. त्या एका कामावर त्यांचा जीव तगून होता.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात शेजारचा रूबेनही निघाला. जाण्याआधी त्यानं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा केला आणि मागून बोकडाचं जेवण ठरवलं. बाबांनी सुरी तपासली, आशीर्वाद म्हटला, बोकड कापला, पुन्हा सुरी नखावरून फिरवली. गुळगुळीत होती. ती त्यांनी पुसायला बायकोच्या हाती दिली.

मिलकाबाईंचा हात मधेच थांबला.

"अहो, इथं लागतंय."

बाबांनी बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. मग मिलकाबाईंनी त्यांचं बोट धरून वर केलं. पेरावर रक्ताचा थेंब होता आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता.

"मी काही पाहिलं नाही," मिलकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं इथलं शेवटचं जेवण आहे."

बाबांना मोह झाला, नाही असं नाही. खाच सांगायची म्हणजे बोटही सांगायचं, आणि ज्याच्या बोटाला धार कळत नाही त्यानं सुरी धरायची नाही. ते ओट्यावरून उठले आणि अंगणात गेले.

"मटण बाद आहे," ते म्हणाले. "आणि मीही."

कुणीच रागावलं नाही. रूबेनचं सामान गाडीत भरायला नेरूळहून बाळाराम आला होता, त्याला बोकड घेऊन जायला सांगितलं. तो बिचारा संकोचला. "आमाला चालतंय, बाबा. पन तुमी काय खाल?"

"आम्ही वरणभात खाऊ," रूबेन म्हणाला आणि बाबांजवळ आला. "काका, जिवाला लावून घेऊ नका. मागे राहणाऱ्यांचं काही अडणार नाही. दोन वर्षं झाली, सगळे मटण पनवेलच्या बाजारातूनच आणतात. मलिद्याला, सणाला तेवढं तुमच्याकडे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

बाबांनी मान हलवली. मुलाबरोबर इस्रायलला गेलेल्या नातवाचा चेहरा आठवायला गेले तर तो नीट आठवेना. वरणभातावरची प्रार्थना त्यांनीच म्हटली, कारण दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

शुक्रवारी, रूबेनचं घर बंद झाल्यावर, बाबा दगड घेऊन ओट्यावर बसले आणि दुपारभर सुरी घासत राहिले. खाच गेली की नाही, हे मात्र त्यांना कळेना. शेवटी त्यांनी सुरी मिलकाबाईंपुढे धरली.

"बघ, लागतंय का?"

मिलकाबाईंनी नख फिरवलं. खाच होती तिथंच होती. त्यांनी बाबांच्या बोटांकडे पाहिलं; तीन पेरांवर रक्त सुकलं होतं.

"गेली," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत झालीय."

बाबांनी त्यांची नजर आपल्या बोटांवर खिळलेली पाहिली.

"तूही बाकीच्यांसारखीच," ते म्हणाले आणि सुरी फडक्यात गुंडाळू लागले.