दोन बोटांचा बाक

मित्रांनो, मी एका प्रसूतिगृहाच्या भिंतीतला जुना, तिरका लोखंडी दांडा आहे. माझा भाऊ उलट्या दिशेने तिरका आहे. आम्ही दोघे मिळून फुली दिसतो, पण पूर्वी मध्ये जोडलेले नव्हतो. वारा इमारतीला ढकलतो तेव्हा एकाला ताण बसतो आणि दुसऱ्याला दाब. ताण मी हसत सोसतो. दाबाची मात्र मला धास्ती वाटते, कारण लांब, सडपातळ दांडा जास्त दाबला की एकदम बाजूला वाकतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी सरळसोट होतो. पुढे मला सगळे विसरले. धुलाईच्या खोलीतल्या मावशी माझ्यावर ओले टॉवेल टाकत, तेवढाच काय तो माझा मान. एके दिवशी जनरेटर आत आणताना तो निसटला आणि माझ्या पोटावर आदळला. मला बाक आला. कुणीतरी घाईने रंग फासला आणि गोष्ट तिथेच मिटली. पण मला माहीत होतं, मित्रांनो! तोंड नसल्यामुळे सांगणार कसा?

काही वर्षांनी वर आणखी दोन मजले चढवायचं ठरलं. इंजिनिअर बाईंनी जुने नकाशे पाहून हिशेब केला. "वजन वाढणार. या दांड्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या जोडा, मगच वर हात लावा," असं त्यांनी बजावलं. पण नकाशात मी सरळ होतो! ठेकेदाराने तर आधीच गच्चीवर विटा चढवायला सुरुवात केली होती. रोज नवा ढीग पडायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

वेल्डिंगचं काम ठेकेदाराच्या मेहुण्याकडे होतं. त्याने माझा रंग खरवडला, जरा थबकला, मग माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. मध्यावर दोरा आणि मी यांच्यात दोन बोटं मावत होती.

"दाजी, हा वाकलाय."

"वाकू दे. पट्टी बसली की दिसतंय कुणाला?"

"दिसायचा प्रश्न नाही, दाजी. वर बाळंतिणी झोपणार आहेत."

"तू मला शिकवणार? तुझ्या ताईला काय सांगू, भाऊ काम अडवून बसलाय म्हणून?"

"सांगा. मी बाईंना फोन लावतोय."

तो फोन लागेपर्यंत माझी काय अवस्था झाली असेल, विचारू नका.

बाई तासाभरात आल्या. त्यांनी स्वतः दोरा धरून बाक मोजला आणि काम थांबवलं. अकरा दिवस! गच्चीवरच्या सगळ्या विटा खाली आल्या. माझ्या शेजारी तात्पुरते टेकू उभे राहिले. मग वेल्डरने दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या जोडल्या. मी तापून आणखी वाकू नये म्हणून वीतभर इकडे, वीतभर तिकडे, असं थांबत थांबत. शेवटी मध्यावर मला भावाशी पक्कं जखडलं. इतकी वर्षं शेजारी राहून आमची पहिली खरी भेट तीच!

मजले चढले. पहिल्याच वादळात वारा नेमका माझ्यावर दाब येईल त्या बाजूने सुटला. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. वर तीन बाळं होती. आता वाकेन, मग वाकेन, असं मला क्षणोक्षणी वाटत होतं. भावाने मला मध्यावर घट्ट धरलं होतं. मी तसूभरही हललो नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार मेहुण्याला घेऊन आला. मला वरपासून खालपर्यंत पाहून तो एवढंच म्हणाला, "त्या दिवशी तू ऐकलं नाहीस, बरं झालं."

वारा सुटला की आजही माझा थरकाप होतो. मित्रांनो, तुमच्या हातून काही आदळलं, वाकलं, तडकलं, तर रागावतील म्हणून झाकू नका. लगेच मोठ्यांना सांगा. आम्ही वस्तू मुक्या असतो, आणि मोडताना आधी कल्पनाही देत नाही.