होडीवालीला म्हणायची तिसरी ओळ

मी एक जुनी ओळ आहे. कवितेतली नाही, गाण्यातलीही नाही. तेवढा मान माझ्या नशिबी नव्हता. मी एका व्हिडिओ गेममधली ओळ आहे. मित्रांनो, तुम्ही असे गेम खेळला असाल. त्यात तुम्ही वीर होता, तलवार घेऊन गावोगाव हिंडता आणि भेटेल त्याच्याशी बोलता. बोलायला गेलात की पडद्याच्या खालच्या भागात दोन-तीन वाक्यं येतात. त्यातलं एक निवडलं की तुमचा वीर ते बोलतो. एका नदीकाठी येणाऱ्या अशा वाक्यांतली सगळ्यात खालची, तिसरी ओळ म्हणजे मी: "आज परत जाऊ नकोस. इथेच थांब."

ओळीला डोळे कुठून आले आणि कान कुठून, हे मला विचारू नका. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकं बाक रडतं, तेव्हा कुणी पुरावा मागत नाही.

माझा जन्म एका ऑफिसात झाला. पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी, जिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण खुर्चीला धक्का देऊन जाई, तिथे माझी लेखिका बसायची. खेळातल्या नदीवर तिने एक होडीवाली आणली होती. ही होडीवाली वीराला पलीकडे सोडायची आणि लगेच होडी वळवून परत जायची. तिला म्हणायला दोन ओळी आधीच होत्या. पहिली, "पलीकडची काय खबर?" दुसरी, "किती घेणार?" अशा दोन कामचलाऊ ओळींच्या खाली लेखिकेने मला बसवलं.

मला तिने घरून आणलं होतं. तिच्या गल्लीत चष्म्याचं एक छोटं दुकान आहे. ते चालवणारी बाई पूर्वी रोज संध्याकाळी लेखिकेकडे चहाला यायची आणि अंधार पडायच्या आत निघायची. एकदा लेखिकेने दाराशी तिला माझे हे शब्द म्हटले. चष्मेवाली म्हणाली, "थांबते. म्हणायला एवढा वेळ लावलास." आणि ती राहिलीच. तेच उत्तर लेखिकेने होडीवालीच्या तोंडी घातलं. खेळातला वीर बाई असो की पुरुष, मी दोघांनाही दिसायचे. बाई निवडलीत तर दोन बायकांची प्रेमकहाणी, एवढी साधी गोष्ट होती.

ती काचेच्या खोलीतल्या साहेबांपुढे गेली. साहेब म्हणाले, "दोघी बाया? चालेल. हल्ली चालतं. फक्त वेगळा खर्च नको."

खर्च नको म्हणजे काय, ते ऐका. खेळात मिठी दाखवायची तर दोन खऱ्या माणसांना अंगभर ठिपके लावलेले कपडे घालून मिठी मारायला लावतात आणि ती हालचाल टिपून घेतात. साहेबांनी खेळातल्याच एका लोहाराची आधी टिपलेली मिठी उचलली आणि होडीवालीला चिकटवली. लोहार चांगला ताडमाड होता. त्यामुळे मिठीच्या वेळी होडीवालीची हनुवटी वीराच्या डोक्यावरून पलीकडे जायची, आणि हात हवेतच कुणाची तरी पाठ थोपटायचे. लेखिकेने तीनदा तक्रार केली. "कोण एवढं बघतंय," साहेब म्हणाले. ज्यांच्यासाठी आपण गोष्ट सांगतोय ती माणसं ती मिठी बघतील, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. लोहाराच्या आणि राजकन्येच्या मिठीत मात्र एक बोट इकडचं तिकडे झालं, तर अख्खं ऑफिस गोळा व्हायचं.

खेळ बाजारात आला तेव्हा माझा कोण गाजावाजा झाला. जाहिरातवालीने मला रंगीबेरंगी अक्षरांत फलकावर छापलं आणि खाली लिहिलं, "आमच्या जगात सगळ्यांना जागा." साहेब कोटाला इंद्रधनुष्याची पिन लावून मंचावर उभे राहिले आणि या ओळीसाठी आपण केवढा लढा दिला ते सांगू लागले. मी जन्मापासून तिथेच होते. मला तर लढा कुठे दिसला नाही. लेखिका मागच्या रांगेत, खांबाआड बसली होती.

मग खेळणारे आले. त्यांच्याबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. मी दिसावं म्हणून आधी होडीवालीला संत्री द्यावी लागत. पुरेशी संत्री दिली की कोपऱ्यातलं हृदयाचं चित्र भरायचं. ही कल्पनाही साहेबांचीच. त्यांच्या घरी प्रेम कसं चालतं, देव जाणे. तर लोक पोतंभर संत्री आणून तिच्या पुढ्यात ओतायचे, मला दाबायचे, मिठी बघायचे आणि आभार न मानता राजकन्येकडे पळायचे. दुसरे काही होते, ते मला बघूनच किंचाळायचे. दिवसभर राक्षसांची मुंडकी उडवणारी, आतड्यांतून चालत जाणारी ही शूर मंडळी. दोन बायकांनी एकमेकींना जवळ घेतलं की हे डोळे झाकून घ्यायचे. आपली मुलं बिघडतील, असं ते लिहायचे. मुलांच्या हातात कुऱ्हाड चालत होती.

एवढं होऊनही मी तग धरून होते. लेखिकेच्या घरी टीव्हीखालच्या काळ्या डब्यात मी होतेच. आणि माझ्या आयुष्यातली खरी परीक्षा त्या घरातच झाली.

लेखिकेच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. डॉक्टर म्हणाले, जिने विसरा. म्हणजे आई आता लेकीकडे कायमची राहणार हे ठरलं. ती यायच्या आदल्या दिवशी चष्मेवालीने कपाटातला आपला कप्पा रिकामा केला, मोरीतला ब्रश उचलला, फळीवरचा दोघींचा फोटो काढून पिशवीत ठेवला आणि ती दुकानामागच्या खोलीत राहायला गेली. आईला सांगितलं, ही माझी मैत्रीण, दुकान जवळच आहे म्हणून येते-जाते.

मग रोज तेच. दुकान बंद करून चष्मेवाली यायची. आईच्या पायाला पट्टा बांधून व्यायाम करून घ्यायची, औषधं मांडायची, भांडीसुद्धा विसळायची आणि जेवण वाढायच्या वेळेला पिशवी उचलायची. आई म्हणायची, "ये हं उद्या." लेखिका दारापर्यंत जायची आणि कडीशी चाळा करत उभी राहायची. ज्या बाईने मला जन्म दिला, तिलाच तिच्या स्वतःच्या घरात माझे शब्द उच्चारता येईनात. मला तिची कीव आली असती, पण त्याआधी संताप यायचा.

घरात बसून आई कंटाळली. एक दिवस म्हणाली, "तू ऑफिसात काय दिवे लावतेस ते दाखव तरी मला." लेखिकेने तिच्या हातात खेळाची बटणं दिली. तलवार बघून आईने नाक मुरडलं. मारामारी तिला नकोच होती. ती आपली नदीवर जायची आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे होडीत बसायची. वाटेत झाडाचं संत्रं दिसलं की तोडून होडीवालीला द्यायची, एका वेळी एकच.

"अख्खा दिवस वल्हवतेय बिचारी," ती म्हणायची. "हिने काही खाल्लं असेल का?"

हृदय भरण्याशी तिला काही घेणं-देणं नव्हतं, तरी ते भरलं. मी तिच्या पडद्यावर उगवले. पण बारीक अक्षरं तिला दिसायचीच नाहीत. ती डोळे बारीक करून सगळ्यात वरची ओळ दाबायची. पलीकडची काय खबर, पलीकडची काय खबर. नदीपलीकडे इतकी खबर नव्हती. होडीवाली तेच तेच सांगून थकली.

चष्मेवालीच्या ते लक्षात आलं. तिने दुकानातून भिंगांची पेटी आणली, आईच्या नाकावर ती गोल चौकट बसवली आणि एकेक भिंग बदलत विचारत राहिली, "हे बरं की हे बरं, काकू?" आठवड्याभरात आईला नवा चष्मा मिळाला. तो लावून आई नदीवर गेली. या वेळी तिने घाई केली नाही. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग माझ्यावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. आणि परत वर जाऊन तिने पहिलीच दाबली.

पुढे रोज ती तसंच करायची. मला वाचायची आणि वर जायची. मनात म्हटलं, झालं, हीसुद्धा त्यातलीच. त्या किंचाळणाऱ्यांना निदान तोंड तरी होतं.

दरम्यान ऑफिसात साहेबांनी शेपूट घातलं. कुणा मोठ्या गिऱ्हाइकाने कपाळाला आठी घातली होती, एवढंच निमित्त. बैठकीत ते म्हणाले, "ती होडीवाली भानगड काढून टाका." कोटावर पिन तीच होती. मला नीट काढायचं तर उत्तर, मिठी, सगळंच उसवावं लागलं असतं, आणि तेवढे कष्ट कोण घेतो? त्यांनी फक्त माझी अक्षरं दिसेनाशी केली, आणि इंटरनेटवरून तो बदल संध्याकाळपर्यंत घरोघरच्या डब्यांत पोचलाही. मी बसायचे ती पट्टी तशीच राहिली, कोरी. कामचुकारपणात या लोकांचा हात धरणारं कुणी नाही.

लेखिका त्या बैठकीत होती. ती काही बोलली नाही. घरी आली. स्वयंपाकघरात जाऊन सूप ढवळत राहिली. बाहेरच्या खोलीत चष्मेवाली आईच्या पायाचा पट्टा सोडत होती आणि आई नदीवर पोचली होती.

"अगं," आईने हाक मारली, "इथली ओळ कुठे गेली?"

"कुठली?"

"तिसरी. 'आज परत जाऊ नकोस' वाली."

सूप ढवळणं थांबलं. लेखिका सूपचा डाव हातात घेऊनच दारात आली. "तू ती वाचायचीस?"

"मग चष्मा काय शोभेला दिलाय हिने?"

चष्मेवालीने पट्ट्यावरची नजर वर केली नाही.

"काढली ती," लेखिका म्हणाली. "साहेब म्हणाले, लोकांना आवडत नाही."

"कुठल्या लोकांना?"

"ते नाही सांगितलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"हं," आई म्हणाली. तिने कोऱ्या पट्टीवर जाऊन बटण दाबलं. होडीवालीने वल्हं खाली ठेवलं आणि कुणी काही न विचारताच ती म्हणाली, "थांबते. म्हणायला एवढा वेळ लावलास." मग ती मिठी आली, हनुवटी डोक्यावरून पलीकडे. आईला हसू आवरेना. "मान बघ हिची कुठे चाललीय."

कुणीच हसलं नाही. चष्मेवालीने हात पुसले आणि नेहमीसारखी पिशवी उचलली.

"तू रोज कुठे जातेस गं?" आईने टीव्हीकडे बघतच विचारलं.

"दुकानामागे खोली आहे, काकू."

"तिथे पलंग आहे?"

"बाक आहे. त्यावर सतरंजी टाकते."

"आणि इथे कपाटात एक कप्पा रिकामा ठेवलाय. मी आल्यापासून बघतेय, त्यात कुणी रुमालसुद्धा ठेवत नाही. फळीवर चौकोनी जागा सोडून धूळ बसलेली होती. तुम्ही दोघींनी तुमच्या त्या साहेबांसारखंच केलंत."

लेखिकेच्या हातातल्या डावातून सूप फरशीवर ठिबकत होतं. "आई, तुला माहीत होतं, तर इतके दिवस ती ओळ दाबली का नाहीस?"

"मी दाबून काय होणार होतं? ती तू म्हणायचीस. मी रोज वाट बघायचे, आज म्हणेल, उद्या म्हणेल. तू आपली कडीशी खेळतेस."

लेखिका फरशीवरच्या ठिपक्यांकडे बघत राहिली. चष्मेवाली दाराशी उभी होती, बूट घातलेली, पिशवीचा बंद मुठीत आवळून. अखेर आईनेच खुर्चीत वळून, चष्मा नाकावर वर सरकवून म्हटलं, "आज परत जाऊ नकोस. इथेच थांब."

मित्रांनो, मला पैसे घेऊन म्हणणारी नटी होती. आवाज टिपायच्या, भिंतींना कापूस लावलेल्या खोलीत तिने मला नाना तऱ्हांनी म्हटलं होतं, हुंदक्यासह आणि हुंदक्याशिवाय. आईने मला अगदी साधं म्हटलं, दार लावून घे म्हणावं तसं. ते ऐकून माझी लेखिका दाराकडे गेली, डाव हातातच, आणि तिनेही मला म्हटलं. तिचा आवाज चिरकला. साहेबांनी तो पसंत केला नसता.

"बूट काढते मग," चष्मेवाली म्हणाली.

आईला मी नावं ठेवली होती, ती परत घेते. बाकीच्यांना ठेवलेली तशीच राहतील.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. ती कोरी पट्टी आणि आपल्याआपण उत्तर देणारी होडीवाली यांचं जगभर हसं झालं. मग साहेबांना पुन्हा पाझर फुटला. मला वाजतगाजत परत आणलं, अक्षरांना सोनेरी कड लावली आणि लोकांच्या प्रेमाखातर असं जाहीर केलं. मिठी मात्र अजून लोहाराचीच आहे. लेखिका आता त्या ऑफिसात नाही. ती काय करते हे साहेबांनी विचारलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

आई अजून नदीवर जाते. मला वाचते, हसते आणि वर जाऊन पलीकडची खबर विचारते. मला आता त्याचा राग येत नाही. तिच्या शेजारी बसून चष्मेवाली संत्रं सोलत असते, खरं. कपाटाचा कप्पा भरलाय आणि फळीवर फोटो आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका, मला जपा असंही मी म्हणणार नाही. मला लपवणारे आणि मिरवणारे एकाच खोलीत बसतात. त्यांच्याकडून मी कसलीच आशा ठेवलेली नाही. पण तुमच्या घरातूनही कुणी रोज जेवणाच्या वेळेला पिशवी उचलून निघत असेल. त्याच्यासाठी पडद्यावर ओळ उमटायची वाट बघू नका. मी काही फार अवघड नाही. सूप ठिबकत असलं तरी मला म्हणता येतं.