न झालेल्या कुस्तीचे साक्षीदार

रविवारी सकाळी आसावरी अभ्यासाला बसायची. बेचाळीस वर्षांची, इन्शुरन्स कंपनीत टीम सांभाळणारी बाई, आणि अभ्यास कशाचा, तर मेक्सिकोतल्या मुखवटेवाल्या पैलवानांचा. शुक्रवारी कोण जिंकलं, कोणाचा खांदा निखळला, कोण जुन्या कंपनीशी भांडून दुसरीकडे गेला, हे सगळं एका हौशी फॅनने चालवलेल्या वेबसाइटवर इंग्रजीत मिळायचं. ते ती दोनदा वाचायची, नावं तोंडात घोळवायची आणि अकराच्या फोनची वाट बघत बसायची. कुस्तीची आवड म्हणाल तर काडीची नाही. अख्खी मॅच तिने जन्मात पाहिली नव्हती.

आवड होती तिच्या नवऱ्याला. परीक्षित नोकरीसाठी टेक्सासला आला, फ्रिस्कोत घर घेतलं, आणि समोरच्या घरातल्या रमीरोने त्याला एकदा डॅलसला ‘लुचा लिब्रे’, म्हणजे हीच मुखवट्यांची कुस्ती, बघायला नेलं. गेला तो माणूस वेगळा आणि परतला तो वेगळा. मग दर शुक्रवारी रमीरोच्या गराजमध्ये टीव्हीसमोर दोघांचा आरडाओरडा, आणि दर रविवारी ओहायोतल्या डब्लिनला, त्याच्या बहिणीकडे, सुवर्णाताईकडे राहणाऱ्या वडिलांना फोनवर इत्थंभूत वृत्तान्त. तिकडून बाबा म्हणायचे, “अरे, ही कुस्ती आहे का नाटक?” की हा तावातावाने अर्धा तास त्यांना पटवत राहायचा.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता, परीक्षित गेला. मागे मूलबाळ नव्हतं. होती ती आसावरी, आणि एवढं मोठं घर.

तेरावं झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी परीक्षितचा फोन वाजला. बाबा होते, सवयीने लावला असणार. आसावरीने उचलला खरा, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. रडू आलं असतं तर सुटका झाली असती, तेही येईना. समोर परीक्षितच्या लॅपटॉपवर ती वेबसाइट तशीच उघडी होती. तिने दिसली ती पहिली ओळ वाचली.

“बाबा, शुक्रवारी सेरेनो हरला.”

पलीकडे बाबांनी घसा खाकरला. “असं? हरला कसा काय?”

कसा हरला ते तिने वाचून सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला, त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि बघता बघता दोन वर्षं झाली.

या दोन वर्षांत ती बरंच शिकली, आपण कशाला नाकारायचं. मेक्सिकन कुस्तीत दोन पक्ष असतात: नियमाने लढणारे सज्जन आणि रेफ्रीची पाठ वळली की डोळ्यांत बोट घालणारे दांडगट. तीन डाव असतात, दोन जिंकेल तो विजयी. सेरेनो म्हणजे रात्रीचा पहारेकरी; निळा मुखवटा, सज्जनांतला सज्जन. आणि डॉन विनाग्रे, नावाप्रमाणेच व्हिनेगरसारखा आंबट, दांडगटांचा मुकुटमणी. पण नुसत्या निकालावर बोलणार किती? त्याला दोन मिनिटं पुरतात. उरलेली अठ्ठावीस मिनिटं ती पदरचं तिखटमीठ लावायची.

गंमत म्हणजे बाबाही कमी नव्हते. हल्ली ते सुवर्णाताईच्या टीव्हीवर शुक्रवारची मॅच बघतात असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यामुळे आसावरीला फार जपून राहावं लागे. बाबा, म्हणजे गुरुनाथराव, नागपूरच्या कोर्टात चाळीस वर्षं बेंच क्लार्क होते. खोटा साक्षीदार पिंजऱ्यात चढतानाच त्यांना कळतो, अशी त्यांची ख्याती. त्यांच्यापुढे थाप मारायची म्हणजे सोपं काम नव्हे.

गेल्याच रविवारची गोष्ट घ्या.

“तिसऱ्या डावात तर कमाल केली सेरेनोने,” आसावरी म्हणाली. वेबसाइटवर फक्त ‘सेरेनो विजयी, तिसऱ्या डावात’ एवढंच होतं. “वरच्या दोरावरून सरळ उडीच घेतली, बाबा! विनाग्रे खाली, हा वर.”

“हो ना! पण उतरताना गुडघा धरला त्याने. डावा. पाहिलंस ना तू?”

“पाहिलं की! मला तर काळजीच वाटली.”

“आणि तो रेफ्री? झोपा काढून राहिला होता तो. विनाग्रेने मुखवट्याची नाडी ओढली, तरी हा आपला वर बघतो.”

“मी तर ओरडलेच, बाबा, सोफ्यावरून.”

“मीपण,” बाबा म्हणाले. दोघंही मनापासून हसली.

असा तो फोन. त्यात कधी ‘कशी आहेस’ नव्हतं, ‘झोप लागते का’ नव्हतं. परीक्षितचं तर नावही नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही. आपण हे म्हाताऱ्या माणसासाठी करतोय, असं आसावरी स्वतःला बजावायची. मुलाची एवढीच आठवण उरलीय त्यांना, ती कशी तोडायची? पण आतून तिला पक्कं ठाऊक होतं की हा फोन तुटला तर सासर म्हणून जे काही उरलंय ते दिवाळीच्या मेसेजपुरतंच उरेल. नवरा नाही, मूल नाही. सुनेने सासऱ्याशी बोलायचं ते कोणत्या निमित्ताने? आणि तिला बाबा हवे होते. त्यांच्या बोलण्यात, ‘अरे वा’ म्हणताना, परीक्षितसारखाच आवाज वर चढायचा.

सोमवारी संध्याकाळी ती कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याच्या कडेला आली, तर समोरून रमीरोही आपला डबा घेऊन येत होता. शाळेत गणित शिकवणारा, भला माणूस. परीक्षित गेल्यापासून तिच्याशी बोलताना तो नेहमी जरा घुटमळायचा. त्याला बरं वाटावं म्हणून तीच इंग्रजीत म्हणाली, “शुक्रवारी सेरेनोने मजा आणली, नाही?”

“कुठली मजा?” रमीरो म्हणाला. “सगळा आठवडा वाट पाहिली, आणि शेवटच्या मॅचच्या आधी अरेनातले लाइट गेले. तासभर लोक अंधारात शिट्ट्या मारत बसले, मग सगळ्यांना घरी पाठवलं. ती मॅच आता पुढच्या महिन्यात.”

आसावरी डब्याचं हँडल धरून उभीच राहिली.

घरात येऊन तिने वेबसाइट उघडली. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: क्षमस्व, शेवटच्या मॅचचा निकाल म्हणून गेल्या वर्षीचा निकाल चुकून टाकला गेला. मॅच झालेली नाही.

चोराच्या मनात चांदणं. बाबांना कळलं असणार! सून दोन वर्षं आपल्याला फसवतेय, हे आता त्यांना... आणि मग तिला तो डावा गुडघा आठवला. झोपा काढणारा रेफ्री आठवला. मुखवट्याची नाडी आठवली.

म्हणजे बाबांनीही काही पाहिलं नव्हतं.

आधी तिला राग आला, आणि चांगला सणसणीत आला. दोन वर्षांचे रविवार! त्या रताळ्यांची नावं पाठ करण्यात आपण घालवले, आणि या गृहस्थांना त्यात रस नव्हताच? मग कुणासाठी चालला होता हा सगळा खटाटोप? हा प्रश्न तिने स्वतःला विचारला मात्र, आणि उत्तर सुचताच ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि खूप रडली. तेराव्याला आलं नव्हतं तेवढं रडू तिला त्या संध्याकाळी आलं.

आठवडाभर तिने विचार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण काही बोलायचंच नाही. रविवारी फोन येईल, ‘गुडघा कसा आहे सेरेनोचा’ म्हणून विचारू, गाडी रुळावर.

रविवारी अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. फोन आला नाही.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. फोन चार्ज आहे का पाहिलं. साडेअकरा वाजता तिला कळून चुकलं की बाबांनीही ते बारीक अक्षर वाचलंय, आणि ते आता फोन करणार नाहीत. आज नाही, पुढच्या रविवारी नाही, कधीच नाही. स्वाभिमानी माणूस. दोन वर्षांत आपण एकदाही आपणहून फोन लावला नाही, हेही तिच्या तेव्हाच लक्षात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने नंबर फिरवला.

सुवर्णाताईने उचलला. “बरं झालं बाई, तूच केलास! अगं, सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलेत आणि लावत नाहीयेत. आता वाजला तर उचलेनात, म्हणून मीच घेतला. विचारलं तर अंगावर येतात. काय झालंय? कोणी पैलवान-बिलवान गेला का?”

“नाही हो, ताई. ते बघतात ना शुक्रवारी मॅच?”

“छे गं! शुक्रवारी आठला घोरत असतात. शनिवारभर मात्र आयपॅडला नाक लावून बसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. आणि ती नावं मोठमोठ्याने घोकतात! मी म्हटलं, या वयात हे काय डोहाळे! थांब, देते.”

फोन हातातून हातात गेला. पलीकडे बाबांचा श्वास ऐकू आला.

“बाबा, मी आसावरी.”

“हं.”

“शुक्रवारची ती मॅच...”

“झालीच नव्हती,” बाबा म्हणाले. “चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी ऐकल्या. म्हातारपणी स्वतः दिली. तीही सुनेसमोर.”

“मी पण दिली ना, बाबा. मी तर वरच्या दोरावरून उडी मारली.”

ते हसले नाहीत. “तू कशाला केलंस हे?”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि तुम्ही?”

“तू त्या दिवशी बोललीस ना, सेरेनो हरला म्हणून. मला वाटलं, या पोरीला सध्या एवढंच बोलता येऊन राहिलंय. हा विषय संपला तर ही बोलायचीच थांबेल. आणि मग मला कोण होतं गं बोलायला?”

आसावरीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “परीक्षितला हे कळलं असतं तर गडाबडा लोळला असता.”

दोन वर्षांनी त्या फोनवर ते नाव आलं होतं. तिला वाटलं, आता बाबा फोन ठेवतील.

“लोळला असता,” बाबा म्हणाले. आवाज कापत होता, पण वर चढला होता. “रमीरोला सांगायला चपला न घालता पळाला असता. मला त्याच्याही वेळी काही कळायचं नाही, आसावरी. मारामारी मला बघवत नाही. पण तो शाळेतून आल्यावर सांगायचा ना, दप्तर पाठीवरच, एका दमात, तसा सांगायचा रविवारी. अजून थोडं सांगावं म्हणून मी मुद्दाम त्याला नाटक म्हणायचो.”

मग दोघंही रडली. एकमेकांना थांबवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

“पण आता पुढच्या रविवारी काय बोलायचं?” शेवटी बाबांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना असं घाबरून बोलताना तिने ऐकलं नव्हतं.

“माहीत नाही, बाबा.”

“हं. जेवलीस?”

“नाही.”

“काय केलंय आज?”

‘वरणभात’ म्हणणं सोपं होतं; थापांचा हात चांगला बसला होता. पण तिने खरं सांगितलं. “काहीच नाही. रविवारी मी स्वयंपाक करतच नाही. तुमचा फोन झाला की पडून राहते संध्याकाळपर्यंत. दोन वर्षं झाली.”

बाबा रागावले नाहीत. “तांदूळ आहेत घरात?”

“आहेत.”

“मग धू.”

“आत्ता?”

“आत्ता. फोन ठेवू नको. तो स्पीकर का काय, तो लाव.”

तिने फोन ओट्यावर ठेवला, डबा काढला. “किती घेऊ?”

“एकटीपुरते नको मोजू. दोन वेळचे घे. वरणाचीही डाळ काढ.”

नळाचं पाणी वाहिलं, तांदूळ तिच्या बोटांतून फिरले. बाबा मधेमधे ‘हं’ म्हणत होते. तिने झाकण लावलं, बटण दाबलं. “इन्स्टंट पॉट आहे, बाबा. शिट्टी होत नाही याला.”

“मग मला कळणार कसं, झाला ते?”

“मी सांगीन ना.”

“खरं सांगशील?”

“खरं.”

पलीकडून सुवर्णाताईचा आवाज आला, “बाबा, अहो पान वाढलंय केव्हाचं, गार होतंय.”

“होऊ दे,” बाबा म्हणाले. “आसावरीचा भात व्हायचाय अजून.”