रिकाम्या हातांचा वेटर

मी एक गेम बोलतोय. फार मोठा नाही. माझ्यात एक वेटर आहे, त्याच्या हातात बश्यांची चळत आहे आणि समोर न संपणारा जिना. खेळायला बटण एकच. दाबलं की वेटर डावीकडे झुकतो, सोडलं की उजवीकडे. तोल गेला की बश्या गेल्या. एवढाच माझा पसारा. पण माझ्यावर लोकांनी जी मतं दिली, ती वाचून मीच चाट पडलो.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. माझी जन्मदाती औषधांच्या खोक्यांवरची लेबलं बनवते. घरात तिला धाकटी म्हणतात. थोरली बहीण, म्हणजे ताई, शाळेत गणित शिकवते. धाकटीचा लौकिक असा, की सुरुवात दणक्यात आणि शेवट देवाच्या हवाली. स्वेटर एका बाहीवर अडलेला, गिटार कपाटावर चढलेलं. अशात तिनं ‘गेम जॅम’मध्ये नाव घातलं. दिलेल्या विषयावर शनिवार-रविवारात अख्खा गेम बनवायचा आणि मग सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळून मतं द्यायची, अशी ती स्पर्धा.

ताई एवढंच म्हणाली, “रविवारी जेवायला टेबल मोकळं हवं. गेम झालेला असो वा नसो.”

तिचा भर ‘नसो’वर होता, हे धाकटीला बरोबर कळलं.

विषय आला ‘ओझं’. धाकटीनं घरातल्या बश्या एकमेकींवर आपटून माझे आवाज टिपले. त्यात ताईची एक आवडती बशी कामी आली. वेटरच्या चेहऱ्यात तर तिनं जीव ओतला. चळत डगमगली की त्याची भुवई किंचित वर जाते. त्या भुवईनं अख्खा शनिवार खाल्ला.

रविवारी दुपारी माझ्यातली खोट उघडी पडली. बश्या संपल्या की खेळ संपायला हवा. पण माझा वेटर रिकाम्या हातांनी खुशाल जिना चढत राही आणि गुण उलट भराभर वाढत. एक नीट करावं तर दुसरं बिघडे. धाकटी डोकं धरून बसली. फडकं घेऊन टेबल पुसायला आलेली ताई म्हणाली, “राहू दे. तुझं नेहमीचंच.”

त्यासरशी धाकटीनं मला खोटीसकट पाठवून दिलं. रागाच्या भरात का होईना, मी जगात आलो.

आणि मतांचा पाऊस पडला. बश्यांचे आवाज कर्कश आहेत, बंद करून खेळा, असं एकानं बजावलं. दुसऱ्याला वेटरऐवजी घोडा हवा होता. भुवईबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांत लांबलचक मत देणारे गृहस्थ पहिल्याच पायरीवर पडले होते आणि पुन्हा फिरकले नव्हते. कोण कुठवर चढलं ते मला ठाऊक असतं. पण मला विचारतो कोण!

कौतुक झालं ते खोटीचं. ओझं टाकल्यावरच माणूस खरा वर चढतो, केवढा खोल विचार, असं एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी री ओढली. धाकटीनं प्रामाणिकपणे कळवलं की ती चूक आहे. उत्तर आलं, विनय पुरे. वर परीक्षकांनी ‘विचारगर्भ गेम’ म्हणून माझा खास उल्लेख केला.

धाकटीचं तोंड मात्र एवढंसं झालं. जे केलं ते कुणाला दिसलं नाही, जे जमलं नाही त्याला टाळ्या. याला काढूनच टाकते, असं ती ताईला म्हणाली.

ताईनं जन्मात गेम खेळला नव्हता. तपासायचे पेपर बाजूला सारून ती माझ्यासमोर बसली. पडली, चिडली, पुन्हा पडली. शेवटी बश्या संपल्या आणि वेटर रिकामाच चढू लागला. ताईनं चष्मा वर केला.

“हे चुकलंय ना गं?”

“हो.”

“मग काढून कशाला टाकतेस? दुरुस्त कर.”

“लोकांना तेच आवडलंय, ताई.”

“लोकांना आवडलं म्हणून उत्तर बरोबर होत नाही. कर तू, टेबल लागेल तेवढं वापर. आपण ओट्यापाशी जेवू.”

आठवडाभर दोघी उभ्यानं जेवल्या. माझी खोट गेली. त्याबरोबर माझी किंमतही गेली. लोकांनी लिहिलं, आता हा साधा गेम झाला, आत्मा हरवला. काहींनी मतांबरोबर दिलेले तारे परत घेतले. धाकटी ते वाचून पोट धरून हसली आणि पुढच्या गेमच्या मागे लागली.

आता मी स्पर्धेच्या संकेतस्थळाच्या तळाशी पडून असतो. ताई शाळेला निघण्याआधी एक डाव खेळते, हरते आणि जिन्याला नावं ठेवून चप्पल घालते. एरवी कुणी चुकूनमाकूनच येतं.

तुम्ही आलात तर मत जरूर द्या, पण आधी चार पायऱ्या चढा. आणि माझ्यात खोल अर्थ शोधू नका. बश्या पडल्या तर पडल्या म्हणा. मला तेवढं पुरेल.