माझी शेपटी आणि ओसाकाची बोट

मी जरा हळूच बोलतो. जोरात आरवलो की शेपटीला हिसका बसतो, आणि शेपटीला हिसका बसला की मालकांच्या काळजात धस्स होतं. मी जपानच्या तोसा प्रांतातला लांबशेपट्या कोंबडा. मालक तोकुमात्सु कुसुनोसे यांच्या ओसरीवर एक उंच, अरुंद लाकडी पेटी आहे. तिच्यातल्या वरच्या दांडीवर माझा मुक्काम.

इतर कोंबडे दरवर्षी पिसं झाडून मोकळे होतात. आमच्या कुळातली शेपटी मात्र झडत नाही, नुसती वाढत राहते. अंड्यातून निघालो तेव्हा मीही चारचौघांसारखाच होतो. मग शेपटी जमिनीला टेकू लागली आणि मालकांनी मला उचलून पेटीत बसवलं. तेव्हापासून माती उकरणं बंद, धुळीत लोळणं बंद. आणि कोंबडी? नाव काढू नका!

आम्हा लांबशेपट्यांचं प्रदर्शन वर्षातून एकदाच, शेवंती फुलते तेव्हा, पण त्याचा घोर बारमाही. थंडीत पेटीला चटई गुंडाळायची, दमट दिवसांत पिसं सावलीत वाळवायची, तुऱ्याला तेलाचं बोट लावायचं. मालकांच्या स्वतःच्या टाचा भेगाळलेल्या, पण माझी नखं रोज पुसलेली. छपरावर मांजर दिसलं की त्या दिवशी ते जेवत नसत. त्यांना बघून मलाही घास गिळवत नसे.

रोज सकाळी अंगणात माझी फेरी असे. मालक पाल्याची काडी दाखवत पुढे, मध्ये मी, आणि मागे मालकीणबाई मासुए. नवरीचा शालू सावरावा तशी त्या माझी शेपटी दोन्ही हातांवर झेलत. कुंपणापलीकडून शेजारी ओकाबायाशी हमखास ओरडायचे, "तोकुमात्सु, बायकोचे केस तरी कधी असे सावरलेस का रे?"

परका हात लागला की मी बुजतो, उडी मारतो. म्हणून मी आल्यापासून मालकीणबाईंनी गाव सोडलं नव्हतं.

यंदा त्यांची लेक फुसाए ओसाकाला बाळंत व्हायची होती. ती माहेरीच यायची, पण डॉक्टरांनी बोटीचा प्रवास नको म्हटलं.

"अहो, पहिलटकरीण आहे पोर. आई नको का जवळ?"

"प्रदर्शन होऊ दे, मग जा. शेपटी कोण धरणार?"

"बाळ काय तुमच्या प्रदर्शनाची वाट बघत थांबणार आहे?"

मालक माझी दांडी पुसत राहिले. मालकीणबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच वाजली.

त्याच आठवड्यात माझं सगळ्यात लांब पीस मुळाशी हलू लागलं. पीस पडलं तर मालक खचणार, टिकलं तर मालकीणबाई अडकणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी दांडीवर श्वास धरून बसू लागलो.

एका सकाळी फेरीत, पायरीपाशी, ते निसटलं. दुखलं नाही, फक्त हलकं वाटलं. मी मान वळवून पाहिलं. मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण त्या थांबल्या नाहीत. सुटलेलं पीस बाकीच्या पिसांत धरून त्या तशाच चालत राहिल्या. मीही काही झालंच नाही अशा थाटात पाला टोचत राहिलो. आम्ही दोघांनी अख्ख्या अंगणाची फेरी पुरी केली.

पेटीपाशी मालक शेपटी गुंडाळायला वाकले आणि ते पीस त्यांच्या हातात आलं.

"कधी?"

"पायरीपाशी."

"मग एवढं चालत का राहिलीस?"

"तुमचं तोंड बघवलं नसतं." त्या रडायला लागल्या. "मी ओढलं नाही हो. आईशपथ नाही ओढलं."

मालक बराच वेळ ते पीस हातावर गुंडाळत बसले. कोंबड्याचं पीस पडलं, तर मालकीणबाईंना आधी स्वतःची बाजू मांडावीशी वाटली, हे त्यांना फार लागलं असावं. शेवटी म्हणाले, "कपडे भर. ओसाकाची बोट आजच आहे."

"आणि प्रदर्शन?"

"पुढच्या वर्षीही शेवंती फुलेलच की."

आता फेरीला आम्ही दोघंच असतो. काडी दातांत धरून, वाकून, मालक स्वतःच माझी शेपटी सांभाळतात. ओकाबायाशी हसतात, मग कुंपण ओलांडून काडी धरायला येतात. फुसाएला मुलगी झाली. पण मालकीणबाईंचा परतीचा पत्ता नाही, आणि मालकांचं जेवण पुन्हा कमी झालंय. छपरावर मांजर नसतानाही.

काल दुसरं पीस पडलं. मी भीतीने अंग चोरलं. मालकांनी ते उचललं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पडू दे रे. ती येईपर्यंत एखादं ठेव म्हणजे झालं. नाहीतर फेरीला काय धरायला देऊ तिच्या हातात?"

मालकीणबाई, म्हणून हा निरोप. नातीचा पापा घ्या आणि लवकर या. एक पीस मी घट्ट धरून बसलोय.