कातळातला स्विमिंग पूल

“कुठलाही दगड आणा मामा. त्याचं नाव, गाव, वय, सगळी कुंडली मांडते!”

सुरभी हे मामाच्या भर अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर बोलली. बोलणारच. भूशास्त्रात बी.एस्सी. फर्स्ट क्लास, वर पुण्यात एम.एस्सी.ला नंबर लागलेला. राहिला होता फक्त बाबांचा होकार, आणि तिचे बाबा रोहिदास होकाराच्या अगदी उंबऱ्यावर उभे होते.

येसाजीमामा घरामागं गेला आणि एक काळा, भोकाभोकांचा, चकचकीत दगड घेऊन आला. सुरभीनं भिंग लावलं. वास घेतला. मग सगळ्यांदेखत चाटला. भूशास्त्रात चाटतात.

“लाव्हा,” ती म्हणाली. “साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही भोकं म्हणजे वायूचे बुडबुडे.”

“माझ्या भट्टीतली जास्त भाजलेली वीट हाय गं ती,” मामा म्हणाला. “खंगर. गेल्या शिमग्यातली.”

अंगण हसून हसून आडवं झालं. रोहिदास उंबऱ्यावरून मागं फिरले.

“बाबा, माणूस चुकतो.”

“चुकतो. पण साडेसहा कोटी वर्षांनी नाय गं चुकत कोणी. बी.एड. कर, सुरे. आणि समज झालीस एम.एस्सी., पुढं काय?”

“पुढं केंद्राची भूवैज्ञानिकांची परीक्षा. नाहीतर भूजल खातं. बोगदे, धरणं, खाणी, कुठंही लागतात आमची माणसं.”

“दगडं फोडायला दोन वरसं शिकायचं? माझ्या भट्टीमागची खाण काय वाईट हाय?” मामा म्हणाला.

मामाला दगडातलं सगळं कळत होतं. त्याच जोरावर त्यानं कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, आपल्या नव्या फार्महाऊसमागच्या उतारावर, थेट कातळात स्विमिंग पूल खोदला होता. मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी. आत सिमेंट नाही, फरशी नाही. देवानं फुकटात दगडी टाकी दिली, तर तिला आतून लिंपायचं कशाला?

मामा सगळ्यांना पूल दाखवायला घेऊन गेला, तेव्हा सुरभीनं वाकून आत पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“मामा, या कातळाला भेगा आहेत. पाणी भेगांतून खाली उतरणार, त्या तळाच्या घट्ट तांबड्या थरावर अडणार, मग उतारानं आडवं पळणार. हाच थर खाली चिमाकाकूच्या गोठ्यामागं उघडा पडलाय. पाणी तिथं निघेल.”

“खंगरबाई बोलल्या!”

“आणि निघालं तर?”

“तर मी सवता तुला पुण्याला सोडून येतो. नाय निघालं तर बी.एड. काय दाजी?”

दाजींनी मान डोलावली. सुरभीचं पुणं आता मामाच्या खड्ड्यात होतं.

नदीवर पंप लावून पूल भरला. नारळ फुटला. सुरभीनं धुळवडीचा उरलेला गुलाबी रंग पिशवीनं पाण्यात ओतला.

“हे काय गं?”

“पाणी कुठं जातं ते रंगावरून कळतं. कॉलेजात शिकवलंय.”

“टाक, टाक! गुलाबी पूल अख्ख्या कर्जतात नाय. मुंबईवाले फोटो काढतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नवी चड्डी आणि पोहायचा चष्मा घालून पहिली उडी मारायला आला. बघायला सगळे पाहुणे. पुलात घोट्याएवढं पाणी होतं, आणि त्यात एक खेकडा.

इतक्यात खालून चिमाकाकूची हाळी आली.

“येशा! माझी गाय कोणी रंगवली रं?”

सगळे धावले. मामा चड्डीवरच. गोठ्यामागच्या तांबड्या थरावरून गुलाबी झरा खळखळत होता. काकूची पांढरीशुभ्र गाय त्यात मजेत बसली होती, पोटापर्यंत गुलाबी. वासराला गुलाबी मिशा फुटल्या होत्या.

“धुळवड कधीच झाली की रं मेल्यांनो!”

सुरभीनं हातोडीनं तांबड्या थरावर फक्त टकटक केलं.

“माझी पोरगी!” रोहिदास एवढ्यानं ओरडले की गाय उठली. “बघितलंस येसाजी? डोंगराच्या आरपार बघते ती! जा गं सुरे, पुण्यालाच जा!”

खंगराचं नाव कुणी काढेना. एकाला विहिरीची जागा हवी होती, दुसऱ्याला बोअरची. चिमाकाकू म्हणाली, “झरा माझा. पूल लिंपायचा नाय हां, येशा.”

“दोन वर्षं थांबा,” सुरभी म्हणाली. “आधी शिकून येते.”

मामानं शब्द पाळला. विटांचा टेंपो धुतला, पुढं सुरभी आणि दाजींना बसवलं आणि वाजतगाजत पुण्याला नेलं. प्रवेश झाला. हॉस्टेलच्या दारात त्यानं वॉचमनला छाती फुगवून सांगितलं, “भाची हाय माझी. पोहायचा पूल खोदायचा असंल तर आधी हिला दाखवा.” वॉचमननं सलाम ठोकला. मामा त्याच ऐटीत टेंपोत चढला आणि निघाला.

खोपोलीला चहाला थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की सुरभीची ट्रंक टेंपोतच आहे आणि दाजी पुण्यात.