पत्त्यासकट प्रार्थना

माझ्या आत्याची एक खोड आहे. देवाकडे काही मागायचं तर ती पूर्ण पत्ता सांगते. शेजारणीसाठी मागताना डावा गुडघा की उजवा, घर गिरणीच्या अलीकडे की पलीकडे, सगळं. लोक गालात हसतात. मीही हसायचे, त्या रविवारपर्यंत.

आमच्या चर्चमध्ये पाळकांची प्रार्थना झाली की ज्याला हवं त्याने उभं राहून मोठ्याने मागायचं. सगळे डोळे मिटतात आणि आमेन होईपर्यंत कोणी जागचं हलत नाही. आत्या उभी राहिली.

"प्रभू, आमच्या वेल्डरला सांभाळ. उद्या कोर्टात खरं सांगायचंय त्याला. बेकरीच्या वरच्या खोलीत एकटाच आहे बिचारा, आणि तिथल्या दाराला धड कडीसुद्धा नाही."

ठेकेदाराच्या माणसांनी लाकडाची वखार पेटवताना वेल्डरने पाहिलं होतं. आत झोपलेला रखवालदार जळून मेला होता. तेव्हापासून आम्ही वेल्डरला लपवलं होतं. मी त्याच्यावर जीव टाकते हे अख्ख्या गावाला ठाऊक, म्हणून मी तिकडे फिरकतही नव्हते; डबा आत्या पोचवायची. आणि आज शेवटच्या बाकावर ठेकेदाराचा मेव्हणा बसला होता.

मी डोळे उघडून मागे पाहिलं. बाक रिकामा होता.

सांगायला लाज वाटते, पण तरीही माझे पाय हलेनात. लहानपणापासूनचं वळण, प्रार्थना मोडून पळायचं कसं? बोलायची तेवढी मुभा होती, म्हणून मी उभी राहून प्रार्थनाच केली.

"प्रभू, ठेकेदाराचा मेव्हणा आत्ताच उठून बेकरीकडे गेलाय. तो माझ्या माणसाला मारेल. मला तो जिवंत हवाय. या सगळ्यांना डोळे उघडायला सांग."

आमेन कोणी म्हटलंच नाही. बाकं करकरली, आणि पाळक झगा सावरत सगळ्यांच्या पुढे धावले.

बेकरीच्या जिन्यावर मेव्हणा आणि त्याचे दोघे जण होते, हातात लोखंडी कांबी. आम्ही अख्खी मंडळी धापा टाकत खाली उभी राहिलो. तो आमच्याकडे बघत कांब पायामागे लपवू लागला.

"पाव घ्यायला आलो होतो," तो म्हणाला.

"रविवारी बंद असते," बेकरीवाला म्हणाला.

ते खाली उतरले, गर्दीतून वाट काढत गेले. त्यांची गाडी मात्र कोपऱ्यावर थांबली, इंजिन चालू ठेवून.

वेल्डर खाली आला. त्याने सगळ्यांदेखत माझा हात धरला आणि मी सोडला नाही. पण त्याला तिथे ठेवणं शक्यच नव्हतं. पाळकांनी आपल्या गाडीची किल्ली दिली, मागच्या गल्लीतून जायला सांगितलं आणि एका ठिकाणाचं नाव माझ्या कानात सांगितलं.

गाडीशी आत्या आली. तोंड एवढंसं झालं होतं.

"कुठे जाताय ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "कळलं तर मी बोलून बसेन. देवाशी लपवाछपवी मला जमत नाही." मग तिने अंगातला लोकरी स्वेटर काढून हातात घेतला. "थंडी असते का तिथे, एवढंच सांग."

या बाईने मला लहानाचं मोठं केलंय. मी कोपऱ्याकडे पाहिलं. त्या गाडीचा धूर अजून दिसत होता.

"नाही गं," मी म्हणाले. "उकडतं तिथे."

तिने मान डोलावून स्वेटर परत अंगात घातला.

ती रात्र आम्ही डोंगरावर एका चादरीत कुडकुडत काढली. सकाळी वेल्डर साक्षीला उभा राहिला तेव्हाही त्याचे दात वाजत होते. ठेकेदाराच्या वकिलाला वाटलं, घाबरलाय. पण तो शेवटपर्यंत सगळं बोलला. आणि तिकडे आत्या रात्रभर देवाकडे आमच्यासाठी गार वारा मागत बसली होती.